रानडुक्कर मारायचे कुणी, तुरुंगात जायचे कुणी?

नोव्हेंबर 2024 मध्ये छत्तीसगडचा चौथा आणि देशातला 56वा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. नाव गुरु घासीदास-तमोर पिंगला, विस्तार 2,829 चौरस किलोमीटर. जातीची उतरंड नाकारून सतनामाचा मार्ग उभा करणाऱ्या संताचे नाव एका जंगलाला मिळते, याचा आम्हाला आनंदच आहे. पण या जंगलाचा बराचसा भाग जुन्या कोरिया संस्थानातला. 1947 मध्ये कोरियाचे महाराज रामानुज प्रताप सिंह देव यांनी एका रात्रीत तीन चित्ते मारले. भारतातल्या चित्त्यांची ही शेवटची खात्रीची नोंद मानली जाते. पुढे 1952 मध्ये चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. शेजारच्या सरगुजाच्या महाराजांच्या नावावर तर हजारावर वाघ सांगितले जातात. या शिकारींसाठी हाका घालायला रान तुडवायचे कुणी? संस्थानांमध्ये ते काम वेठीचे होते. मचाणावर राजा, आणि वाघासमोर ढोल बडवणारा आदिवासी. फोटोत मात्र एकटा राजा.

हे आज सांगण्याचे कारण म्हणजे शिकारीचा वाद पुन्हा तापला आहे. रानडुक्कर आणि नीलगाय, म्हणजे विदर्भातला रोही, पिकांची नासाडी करतात. एक बाजू म्हणते, संख्या आटोक्यात ठेवायची तर परवाने द्या, बंदुका चालू द्या. दुसरी म्हणते, वन्यजीवाला हात लावाल तर खबरदार. रायपूरच्या शंकर नगरात पीएससीची पुस्तके घेऊन बसलेल्या मुलामुलींनाही मुलाखतीत हाच प्रश्न येणार, ‘शिकार की संवर्धन?’ आमच्या मते प्रश्नच अर्धा आहे. मारायचे ठरले तर कोण मारणार, वाचवायचे ठरले तर त्याची किंमत कोण मोजणार, हा उरलेला अर्धा भाग कुणी विचारत नाही.

जरा मागे जाऊ. 1878 या एकाच वर्षात इंग्रजांनी दोन कायदे केले, वन कायदा आणि शस्त्र कायदा. एकाने जंगल बंद झाले, दुसऱ्याने शेत राखणाऱ्याच्या हातातली बंदूक परवान्याखाली गेली. जोतीराव फुल्यांनी 1883 च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यावर कोरडे ओढले ते उगाच नाही. त्याआधी, 1871 मध्ये, गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि पुढे त्याच्या जाळ्यात फासेपारधीही सापडले. फास लावून तित्तर-ससा धरणारा माणूस जन्मानेच चोर ठरला. (शाहू महाराज स्वतः नावाजलेले शिकारी होते. पण पारध्यांची रोजची हजेरी बंद करून त्यांना कामावर घेणारेही तेच. राजे सगळे एका माळेचे नव्हते, एवढे इथे नोंदवून ठेवू.) 31 ऑगस्ट 1952 रोजी या जमाती विमुक्त झाल्या. वीस वर्षांनी, 1972 मध्ये, वन्यजीव संरक्षण कायदा आला. तो गरजेचाच होता. पण त्याने पारध्याचा परंपरागत धंदा बेकायदा केला आणि बदल्यात जमीन किंवा काम दिले नाही. राजांच्या शिकारीचे काय झाले? कोल्हापूर दरबारचे राखीव शिकारी रान 1958 मध्ये दाजीपूरचे अभयारण्य झाले. भिंतीवरची मुंडकी वारसा ठरली.

कायद्याने सगळी दारे बंद केली असेही नाही. 1972 च्या कायद्याचे कलम 11 उभे पीक वाचवण्यासाठी काही प्राणी मारण्याची परवानगी देते. कलम 62 खाली केंद्र सरकार एखाद्या प्राण्याला ठरावीक भागापुरते उपद्रवी जाहीर करू शकते. 2016 मध्ये बिहारच्या मोकामा भागात दोनशेवर नीलगायी मारल्या गेल्या, त्या हैदराबादहून बोलावलेल्या नेमबाजांनी. 2018 मध्ये यवतमाळच्या अवनी वाघिणीवरची गोळीही हैदराबादहून आलेल्या शिकाऱ्याच्याच बंदुकीतली. म्हणजे सरकारला शिकारी लागतो, पण तो परवाना आणि रायफल असलेला. ज्याला पायाच्या ठशावरून जनावर ओळखता येते, तो माहीतगार म्हणूनसुद्धा बोलावला जात नाही. तो फक्त संशयित.

2006 चा वनहक्क कायदा वाचा. जंगलातल्या परंपरागत हक्कांची मोठी यादी त्यात आहे आणि तिच्या शेवटी स्पष्ट अपवाद आहे, शिकारीचा. त्यामुळे गरियाबंद-धमतरीचा धनुष्यबाणवाला कमार सीतानदीच्या जंगलात राहतो, पण एका सशासाठी गुन्हेगार होतो.

मग पीक वाचवायला गरीब शेतकरी काय करतो? खांबावरून वीज चोरून शेताभोवती उघडी तार टाकतो. डुकरासाठी टाकलेल्या तारेत हत्ती मरतो, बिबट्या मरतो, कधी पहाटे बाहेर पडलेला शेजारी मरतो. हा गुन्हाच आहे, त्याची वकिली आम्ही करणार नाही. पण ती तार परवान्याला पोहोचता न आलेल्या माणसाची आहे. नुकसानभरपाईची वाटही तशीच. पंचनामा कागदावर चालतो, आणि ज्याच्या नावावर खसरा किंवा सातबारा त्याच्याकडे पैसे जातात. अधिया-रेगहाने किंवा बटईने कसणाऱ्याची रात्रीची राखण त्या कागदात कुठेच नसते. भूमिहीन दलित आणि बाईमाणूस तर नाहीच.

आमची भूमिका स्पष्ट आहे. शौकाची शिकार पुन्हा सुरू करू नये. पैसेवाल्यांना ‘संख्या नियंत्रण’ म्हणून मौज मिळेल आणि हाका घालायला पुन्हा आपलीच पोरे जातील. नामिबियात 1996 च्या कायद्याने वन्यजीवांवरचा हक्क आणि उत्पन्न गावसमूहांकडे गेले, हे आपल्याकडचे शिकार-समर्थक सांगतात. पण आधी हक्क मिळाले, मग शिकारीचा पैसा आला, हा क्रम ते सांगत नाहीत. इथे पीक खाणारे डुक्कर मारावेच लागले, तर निर्णय ग्रामसभेत व्हावा. वनहक्क कायद्याच्या कलम 5 ने वन्यजीव राखण्याची जबाबदारी ग्रामसभेला आधीच दिली आहे. जबाबदारी तिची, तर अधिकारही तिचा. माग काढायला कमार-पारध्यांना रीतसर रोजीवर घ्यावे. भरपाई कसणाऱ्याच्या हातात पडावी.

तुमच्यापैकी अनेकजण घरातले पहिले अर्ज लिहिणारे आहात. एक अर्ज आपल्या जिल्ह्याच्या वनविभागाला करा. गेल्या पाच वर्षांत कलम 11 खाली किती परवानग्या दिल्या, कोणत्या गावांत आणि प्रत्यक्ष गोळी झाडायला कुणाला नेमले? पीक नुकसानीचे किती दावे कागद नाही म्हणून फेटाळले? माहिती अधिकाराचे शुल्क दहा रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही. उत्तर आले की आम्हाला पाठवा, याच स्तंभात छापू.