उखडलेले रूळ आणि कोरडी हळहळ

बंद पडलेल्या लोहमार्गांची चित्रे दूरचित्रवाणीवर दाखविण्याचा परिपाठ ब्रिटनमध्ये साठ वर्षांहून जुना आहे. १९६३ साली कवी जॉन बेट्जमन यांनी सॉमरसेट परगण्यातील एका आडवळणाच्या शाखेवरून प्रवास करीत बीबीसीसाठी एक माहितीपट केला. २००८ साली त्याच संस्थेने ज्युलिया ब्रॅडबरी यांना रूळ उखडलेल्या वाटांवरून पायी फिरविले. २०१८ पासून चॅनल फाइव्हवर रॉब बेल हरवलेले लोहमार्ग धुंडाळताना दिसले. ही चित्रे आता आमच्याकडेही घरबसल्या पाहता येतात. ज्याच्या गावाला आगगाडी आहे तो ती पाहतो. ज्याच्या गावाला नाही तोही पाहतो. पाहून झाल्यावर माणसे काय बोलतात हे आम्हांस त्या चित्रांइतकेच विचार करण्याजोगे वाटते. कारण आपले काही हिरावले गेले असता माणूस कोणत्या शब्दांत बोलतो, यावरून ते परत मिळविण्याची त्याची तयारी किती आहे हे ओळखता येते.

ह्या अभिप्रायांत स्थूलमानाने तीन सूर ऐकू येतात. पहिला सूर हळहळीचा. गवतात बुडालेले फलाट, वेलींनी वेढलेले पूल, पाण्याने भरलेले बोगदे पाहून प्रेक्षक म्हणतो, काय ते दिवस आणि काय ती गाडी! दुसरा सूर व्यवहाराचा. गाड्या रिकाम्या धावत होत्या, मोटारी आल्या, बसगाड्या आल्या, सरकारने तोटा किती दिवस सोसायचा? तिसरा सूर क्षीण असतो, पण तो त्या मार्गावर राहिलेल्या माणसाचा असतो. तो विचारतो, आमची गाडी बंद करण्याचे ठरविले कोणी, आणि ठरविताना आम्हांस विचारले होते काय?

पहिल्या सुराविषयी आमच्या मनात अनादर नाही. जिच्यातून माणूस शाळेला गेला, जिच्यातून त्याची बहीण सासरी गेली, त्या गाडीची आठवण त्याने काढू नये तर कोणी काढावी? परंतु हळहळ ही बहुधा वरातीमागून येणाऱ्या घोड्यासारखी असते. बेट्जमन हे पुढे १९७२ साली इंग्लंडचे राजकवी झाले, म्हणजे भावनेचे मोल त्यांना कोणी शिकवावे असे नव्हते. तरीही आपल्या चित्राच्या अखेरीस त्यांनी कळकळीने सांगितले की, आपण केवळ गतकाळाच्या मोहाने बोलत नाही. लोहमार्गांची गरज पुन्हा पडणार आहे. लोकांनी चित्राचे कौतुक केले आणि ७ मार्च १९६६ रोजी ती शाखा बंद झाली. कौतुकाने एक डबासुद्धा हलला नाही.

दुसऱ्या सुराला मात्र उत्तर दिले पाहिजे, कारण त्याच्या हाती आकडे आहेत. ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष डॉ. रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल २७ मार्च १९६३ रोजी प्रसिद्ध झाला. त्यात २,३६३ स्थानके आणि सुमारे ५,००० मैलांचे मार्ग बंद करण्याची शिफारस होती. देशातील एकतृतीयांश लोहमार्गांवरून एकूण प्रवासी वाहतुकीपैकी अवघी एक टक्का वाहतूक होते, हे त्यांचे मुख्य प्रमाण होते. हा आकडा खोटा होता असे आम्ही म्हणत नाही. काही शाखा खरोखरच ओस पडल्या होत्या आणि बीचिंग यांच्यापूर्वीही अनेक मार्ग बंद झाले होते. तोटा हा काही बीचिंग यांच्या कल्पनेतून निघालेला नव्हता.

परंतु आकडा कसा जमविला, हेही पाहिले पाहिजे. वाहतुकीची मोजणी झाली ती १९६१ च्या एप्रिलमधील एका आठवड्यात. समुद्रकाठच्या ज्या गावांत उन्हाळ्याच्या सुटीत माणसांचा पूर लोटतो, त्या गावांची गर्दी एप्रिलच्या आठवड्यात कोठून दिसणार? पंढरपूरच्या गाड्यांची मोजदाद आषाढी-कार्तिकी सोडून एखाद्या रिकाम्या आठवड्यात करावी, त्यातलाच हा प्रकार. शिवाय लहान शाखेवर बसलेला उतारू पुढे मुख्य मार्गावर शेकडो मैल जातो. ते उत्पन्न शाखेच्या नावावर पुरते पडत नव्हते. गाडी नसल्याने वृद्धाला दवाखाना आणि विद्यार्थ्याला विद्यालय किती दूर पडेल, ह्यासाठी तर त्या वहीत रकानाच नव्हता. हिशोब बेरजेत चुकतो तसा रकाने आखतानाही चुकतो, आणि रकाने आखणारा बहुधा दूरच्या राजधानीत बसलेला असतो.

आता तिसऱ्या सुराकडे वळू. त्यासाठी आम्ही वाचकांस स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्या सीमेवर नेऊ इच्छितो. त्या प्रदेशाचे नावच 'बॉर्डर्स', म्हणजे सीमाभाग. एडिंबरोहून निघून गॅलाशील्स व हॉइक ह्या कापडगिरण्यांच्या गावांवरून इंग्लंडातील कार्लाइलला पोहोचणारा ९८ मैलांचा लोहमार्ग तेथे होता. १८४९ साली तो हॉइकपर्यंत आला आणि १८६२ साली कार्लाइलला भिडला. त्या मुलखात राहून लिहिणाऱ्या सर वॉल्टर स्कॉट यांच्या कादंबऱ्यांवरून त्याला 'वेव्हर्ली मार्ग' हे नाव पडले. बीचिंग यांच्या यादीत हा मार्ग होता. १९६८ साली लंडनच्या वाहतूक मंत्र्यांनी तो संपूर्ण बंद करण्याचा निर्णय केला.

हॉइकच्या मॅज एलियट ह्या गृहिणी. त्यांनी घरोघर फिरून सह्या गोळा केल्या आणि ११,६७८ सह्यांचा अर्ज घेऊन डिसेंबर १९६८ मध्ये त्या लंडनला पंतप्रधानांच्या दारी गेल्या. अर्ज स्वीकारला गेला. निर्णय बदलला नाही. ५ जानेवारी १९६९ च्या रात्री शेवटची गाडी निघाली. न्यूकॅसलटन ह्या खेड्याच्या लोकांनी फाटक बंद करून ती अडविली. गावच्या चर्चचे धर्मोपदेशक ब्रायडन मेबन यांना पोलिसांनी ताब्यात घेतले. त्या भागाचे खासदार डेव्हिड स्टील त्याच गाडीत होते. त्यांनी मध्यस्थी केली, मेबन यांना सोडण्यात आले, लोकांनी वाट मोकळी केली आणि गाडी उशिराने पुढे गेली. दुसऱ्या दिवसापासून तो सीमाभाग रेल्वेवाचून राहिला.

येथे चित्र संपते आणि प्रेक्षक डोळे पुसतो. आमच्या मते खरी गोष्ट येथून पुढे सुरू होते. १९९९ साली स्कॉटलंडला स्वतःची संसद मिळाली आणि त्याच वर्षी सीमाभागातील रेल्वेसाठी नागरिकांची मोहीम उभी राहिली. २००६ साली त्या संसदेने मार्ग पुन्हा बांधण्याचा कायदा केला. सप्टेंबर २०१५ मध्ये एडिंबरोपासून गॅलाशील्सच्या पुढील ट्वीडबँकपर्यंत गाडी धावू लागली. सुमारे ३० मैलांचा मार्ग नव्याने घातला गेला, सात नवी स्थानके झाली आणि पहिल्याच वर्षी दहा लाखांहून अधिक उतारूंनी प्रवास केला. ज्या प्रदेशात गाडीला माणसे नाहीत असे ठरविण्यात आले होते, त्याच प्रदेशातील ही माणसे!

लंडनने बंद केलेला मार्ग स्कॉटलंडच्या स्वतःच्या संसदेने उघडला, ह्या एका वाक्यात आमच्या चळवळीच्या लोकांना पुष्कळ काही सापडेल. परंतु त्यातून सोयीचा तेवढाच अर्थ घेऊन आम्ही थांबणार नाही. सत्ता आपली झाली म्हणजे गाडी आपोआप येते असे तेथेही घडले नाही. मधल्या काळात मार्गाच्या जमिनीवर बांधकामे झाली होती, एडिंबरोच्या वळणरस्त्याने जुनी वाट कापली होती. त्या साऱ्याची किंमत मोजावी लागली. पूर्वी दुहेरी असलेला मार्ग आता बऱ्याचशा अंतरावर एकेरी आहे. आणि ज्या हॉइकने सह्या गोळा केल्या ते हॉइक आजही गाडीची वाट पाहत आहे. गाडी पुढे हॉइकवरून कार्लाइलपर्यंत न्यावी, ही मागणी तेथील लोकांनी सोडलेली नाही. आपली सत्ता दार उघडते. दारातून आत जाण्यासाठी पुन्हा आपणच चालावे लागते.

हे सारे दूर देशीचे झाले. पण सीमेवरच्या लोहमार्गांचे नशीब राजकारणाने कसे फिरते, हे शिकायला आम्हांस स्कॉटलंडला जाण्याची गरज नाही. लोंढ्याहून कॅसलरॉकमार्गे गोव्यात उतरणारी गाडी १९५५ साली थांबली. उतारू नव्हते म्हणून ती थांबली नाही. पलीकडे पोर्तुगीज सत्ता होती म्हणून थांबली. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि त्यानंतर ती वाट पुन्हा वाहती झाली. घाट तोच, बोगदे तेच. बदलली होती ती राजवट.

विदर्भातही असेच एक उदाहरण आहे. यवतमाळ, मूर्तिजापूर आणि अचलपूर यांना जोडणारी अरुंद रुळांची 'शकुंतला' वऱ्हाडच्या कापसासाठी घातली गेली. देशातील रेल्वे राष्ट्राच्या मालकीची झाल्यावरही तिची मालकी एका खाजगी कंपनीकडे राहिली. गेली काही वर्षे ती बंद आहे. तिच्यावरही चित्रे निघतात, तिचेही गोडवे गायले जातात. इंदूरला आगगाडी यावी म्हणून दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज दिले होते. त्या जुन्या होळकरी मार्गाच्या पातालपाणी ते कालाकुंड ह्या तुकड्यावर २०१८ साली पर्यटकांसाठी वारसा-गाडी सुरू झाली. वारसा जपला गेला हे चांगलेच झाले. पण धबधबा पाहायला जाणाऱ्याची गाडी आणि बाजाराला, कचेरीला, इस्पितळाला जाणाऱ्याची गाडी एक नव्हे, हा विवेक आम्ही हरवून बसू नये.

आणि ज्यांच्याकडे हळहळ करायला उखडलेले रूळही नाहीत, त्यांचे काय? निपाणीसारख्या तंबाखूच्या मोठ्या पेठेला आजवर रेल्वेचे स्थानक नाही. बेळगावहून कोल्हापूरला आगगाडीने जायचे तर मिरजेचा वळसा पडतो. कोल्हापूर आणि बेळगाव निपाणीवरून थेट जोडावे, ही मागणी जुनी आहे. बोलणी होतात, पाहण्या होतात, निवडणुका येतात आणि जातात. दोन राज्यांच्या सीमेवरील गाव नकाशाच्या कडेला असते, आणि कडेला असलेले गाव हिशोबाच्या वहीतही कडेलाच पडते. भाषेच्या प्रश्नावर महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला; त्या दाव्याच्या निकालासाठी डोळे लावून बसलेल्या आमच्या माणसाला रोजच्या एस.टी.च्या गर्दीतही हेच कडेचेपण भोगावे लागते. आमची चळवळ भाषेची आहे हे खरे. परंतु आपल्याविषयीचा निर्णय आपल्याला समजणाऱ्या भाषेत आणि आपल्याला जाब देणाऱ्या सभागृहात व्हावा, हाच तिचा गाभा आहे. आणि लोहमार्गाचा प्रश्न त्या गाभ्याबाहेरचा नाही.

म्हणून ही चित्रे पाहणाऱ्या आमच्या बंधुभगिनींना आमचे सांगणे थोडके आहे. जरूर पाहा, डोळे ओलावले तर ओलावू द्या; पण उठताना तीन प्रश्न घेऊन उठा. मोजणी कोणी आणि कोणत्या आठवड्यात केली? कोणते रकाने आखलेच नाहीत? आणि मार्गाची जमीन आज कोणाच्या ताब्यात आहे? ह्यातील शेवटचा प्रश्न सर्वांत निकडीचा आहे. रूळ पुन्हा घालता येतात. वाटेवर इमारती उभ्या राहिल्या म्हणजे मात्र प्रत्येक मैलाची किंमत चढत जाते. बंद मार्गाची जमीन मार्ग म्हणूनच राखली जावी, असा आग्रह शकुंतलेच्या गावांनी आजच धरला पाहिजे. आणि जेथे मार्ग झालाच नाही, तेथील नगरपालिकांनी व ग्रामपंचायतींनी बाजारादिवशी किती माणसे कोठे जातात, किती विद्यार्थी रोज सीमा ओलांडतात, किती माल बाहेर पडतो, याची नोंद स्वतः ठेवावी. परक्याने केलेल्या मोजणीवर रडण्यापेक्षा आपली मोजणी पुढे टाकणे अधिक परिणामकारक असते.

सह्यांचे कागद, अडविलेले रस्ते आणि पोलिसांचा ताबा ह्या गोष्टी सीमाभागाला नव्याने सांगाव्या लागत नाहीत. मॅज एलियट यांचा अर्ज घेऊन परतलेली माणसे त्या रात्री हरली होती, यात शंका नाही. त्यांच्या मुलखात पुन्हा गाडीची शिटी ऐकू येण्यास ४६ वर्षे लागली. तेवढा काळ मागणी जिवंत ठेवणारी माणसे तेथे होती, म्हणून ती ऐकू आली. आमच्या सीमेवर १९५६ पासून हेच व्रत चालू आहे. ते हळहळीत विरघळू देऊ नका.