जीपगाडी घाटात नेण्याआधी

नाशिक रोडच्या एका वाचक ताईंचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा २३ वर्षांचा, नुकताच नोकरीला लागलेला. तो आणि त्याचे सात मित्र-मैत्रिणी दिवाळीनंतरच्या एका शनिवार-रविवारी दोन गाड्या घेऊन भंडारदरा, घाटघर, साम्रद या बाजूला जाणार आहेत. एक गाडी मित्राची थार, दुसरी ताईंच्या भावाची बोलेरो. डांबरी रस्ता सोडून गाडी घालायची आणि एक रात्र मुक्काम करायचा असा बेत आहे. ताई लिहितात, "मुलाला नाही म्हणवत नाही. आमच्या वेळी सहल म्हणजे एस.टी.ने नातेवाइकांकडे जाणे. पण भावाची बोलेरो आठवडाभर शाळेची मुले ने-आण करते, तिचे हप्ते अजून फिटायचे आहेत. पोरे रोज बाजारातून दिवे, दोर, काय काय आणतात. एवढी तयारी पुरे का?"

ताई, नाही म्हणू नका. कमावत्या मुलांनी स्वतःच्या पैशाने चार डोंगर पाहावेत, यात आनंदच आहे. परंतु दिवे आणि दोर ही तयारी नव्हे, खरेदी आहे. तयारी गाडीच्या खाली वाकून करावी लागते, आणि ती निघण्याच्या आधीच्या आठवड्यात करायची असते.

आधी कोणती गाडी काय करू शकते ते पाहू. जीप हा शब्द आपल्याकडे सगळ्याच उंच गाड्यांना लावला जातो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी बनलेली विलीज जीप १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जुळवली जाऊ लागली, तेव्हापासून हा शब्द आपल्या तोंडी बसला. त्या जीपची खरी करामत म्हणजे चारही चाकांना जाणारा इंजिनाचा जोर. साधारणपणे रस्त्यावर दिसणाऱ्या बोलेरोत हा जोर फक्त मागच्या दोन चाकांना असतो. थारचेही २०२३ पासून दोनच चाकांना जोर असलेले प्रकार निघाले आहेत. तेव्हा मित्राच्या गाडीत गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा छोटा दांडा आहे की नाही, हे मुलाने आजच पाहून यावे. नसेल तर बेत तिथेच बदलला पाहिजे.

दुसरा दांडा असेल तर तो कधी वापरायचा हेही कळले पाहिजे. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापतात. अशा गाडीत चारही चाकांचा जोर जोडला की पुढचा आणि मागचा आस एकाच गतीने फिरायला बांधले जातात. माती-खडीवर चाके थोडी घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर ती घसरत नाहीत आणि सगळा ताण आतल्या दातेरी चाकांवर येतो. म्हणून चार चाकांचा जोर फक्त कच्च्या वाटेवर. चढाच्या आणि उताराच्या आधी, पायथ्याशी गाडी थांबवून खालचा गिअर टाकावा, मध्येच धडपड नको. उतरताना क्लच दाबून ठेवू नये, न्यूट्रल तर मुळीच करू नये. गाडी इंजिनाच्या ओढीनेच उतरली पाहिजे, नाहीतर ब्रेक तापतात आणि नेमक्या शेवटच्या वळणावर लागत नाहीत.

आता टायर. माझ्या मते निम्मी तयारी इथेच आहे. टायरच्या कडेवर चार आकडे एका चौकटीत छापलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी चांगली दिसली तरी जुन्या टायरचे रबर कडक होऊन बाजूला बारीक भेगा पडतात, त्या बोट फिरवून पाहाव्यात. सह्याद्रीचा काळा दगड धारदार असतो आणि तो टायरला बाजूनेच चिरतो. बाजूची चीर पंक्चरवाल्याला जोडता येत नाही. म्हणून स्टेपनी हवीच. स्टेपनीत हवा आहे का, हे तर पाहाच. वर्षभर गाडीखाली लटकलेल्या चाकाकडे कोणी ढुंकून पाहत नाही आणि गरज पडते तेव्हा तेही बसलेले निघते.

हवा कमी केली की टायर जमिनीवर पसरतो, पकड वाढते. दाराच्या चौकटीवर ३० लिहिले असेल तर चिखलात किंवा वाळूत २० ते २२ पर्यंत उतरवावी. दगडगोट्यांवर २५ च्या खाली जाऊ नये, कारण मऊ झालेली बाजू दगडावर उघडी पडते. कमी हवेवर वेग ताशी ३० किलोमीटरच्या आत ठेवावा. डांबरी रस्ता लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरलीच पाहिजे, कारण कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटतो. हवा मोजायचे मीटर आणि गाडीच्या सॉकेटवर चालणारा पंप, या दोन वस्तूंवर पोरांनी खर्च करावा. दिव्यांची माळ परत केली तरी चालेल.

दिव्यांचा विषय निघालाच आहे तर सांगते. गाडीला मूळ रचनेबाहेरचे बदल करता येणार नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला आहे. पुढे लावायचे लोखंडी गार्ड डिसेंबर २०१७ मध्येच केंद्र सरकारने बेकायदा ठरवले. त्याचे कारणही रास्त आहे. गार्डमुळे एअरबॅग वेळेवर न उघडण्याचा धोका असतो आणि रस्त्यावरच्या पादचाऱ्याला तोच गार्ड जीवघेणा ठरतो.

टोचनाच्या दोराबद्दल मात्र मला जरा जास्त लिहावे लागेल, कारण अशा सहलीत माणूस दगावतो तो पुष्कळदा रुतलेली गाडी ओढताना. बोलेरो माणसे-सामानासह दोन टनांच्या पुढे जाते. चिखलाने तिला धरलेले असते, तेव्हा ओढ त्याहून मोठी लागते. दोराची ताकद भरलेल्या गाडीच्या वजनाच्या निदान दोन-तीन पट हवी, आणि ती कंपनीने दोरावर शिवलेल्या पट्टीवर छापलेली असावी. दुकानदाराच्या तोंडी हवाल्याचा उपयोग नाही. साखळी किंवा तारेचा दोर झटका देऊन ओढायला कधीच वापरू नये. तो ताणत नाही, तुटतो, आणि तुटलेले टोक किंवा निखळलेला हूक गोळीसारखा काच फोडून आत येतो. ट्रेलर जोडायचा गोळाही ओढण्यासाठी नाही. त्याने परदेशात माणसे मेली आहेत. दोर चॅसिसला पक्क्या बसवलेल्या हुकालाच लावावा. बंपरमधील झाकण काढून जो हूक फिरवून बसवतात, तो बंद पडलेली गाडी सपाट रस्त्यावर ओढून नेण्यापुरता असतो, चिखलातून झटका देण्यासाठी नाही. दोराच्या मध्यावर ओली गोधडी टाकावी, म्हणजे तुटला तरी तो उसळत नाही. दोराच्या दीडपट अंतराच्या आत चालकांखेरीज कोणीही उभे राहू नये. मोबाईलवर चित्रण करणाऱ्यांनी तर नाहीच.

खरे तर दोर काढायची वेळ क्वचितच यावी. गाडी रुतली की रेस वाढवू नका, चाक स्वतःचाच खड्डा खणते. सगळ्यांनी उतरावे. फावड्याने चाकापुढचा आणि पोटाखालचा चिखल काढावा, हवा कमी करावी, चाकाखाली दगड किंवा फळी द्यावी. बहुतेक गाड्या एवढ्याने निघतात. म्हणून फावडे, पहार आणि जॅकखाली ठेवायची हातभर जाड फळी या तीन वस्तू यादीत सर्वांत वर. मऊ मातीत फळीशिवाय लावलेला जॅक खाली जातो, गाडी वर येत नाही.

आता भावाची बोलेरो. ताई, इथे मी स्पष्ट लिहिते. तिचे पोट जमिनीपासून १८० मिलिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. थारचे २२६. माणसे बसली की तेही कमी होते. थार ज्या दगडावरून सुखरूप जाईल, त्याच दगडाने बोलेरोचा चेंबर फुटू शकतो. चेंबर फुटला की ऑइल गळते आणि चालकाच्या लक्षात येईपर्यंत इंजिन जाम होते. पाण्यात घातली आणि हवेच्या वाटेने पाणी इंजिनात शिरले तरी तेच. इंजिनात पाणी शिरून झालेले नुकसान साध्या विम्यात सहसा मिळत नाही, त्यासाठी वेगळी रक्कम भरलेली असावी लागते. विम्याचा कागद काढून वाचा. मामा प्रेमापोटी नाही म्हणणार नाहीत, म्हणून हे भाच्यानेच समजून घेतले पाहिजे. बोलेरोने गावापर्यंतच्या चांगल्या रस्त्याने जावे आणि तिथे उभी राहावी. पुढची कच्ची वाट थारने दोन खेपांत करावी, किंवा सरळ पायी. आठही जणांनी निघण्यापूर्वी सारखी वर्गणी काढून दुरुस्तीसाठी वेगळी ठेवावी. काही झाले नाही तर परत वाटून घ्यावी. झाल्यावर हिशेब मागण्यात मैत्री जाते.

आदल्या रविवारी दोन्ही गाड्या ओळखीच्या मेस्त्रीकडे न्याव्यात आणि मुलांनी तिथे उभे राहावे. ब्रेकपॅड व लायनर, ब्रेक ऑइल, कूलंट, फॅनबेल्ट, बॅटरीची टोके, स्टिअरिंगची बॉलजॉइंट, बोलेरोचे मागचे पाटे आणि ते धरणारे यू-बोल्ट हे सर्व पाहून घ्यावे. नंतर मोकळ्या मैदानात आठही जणांनी, मुलींनीसुद्धा, एकेकदा चाक बदलून पाहावे. चालकालाच इजा झाली तर काय, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

सामान भरताना जड ते खाली आणि मागच्या आसाच्या पुढे. आठ माणसे, दोन दिवस, माणशी रोज ४ लिटर धरले तर ६४ लिटर पाणी होते. म्हणजे ६४ किलो. हे कॅन टपावरच्या कॅरिअरवर चढवले की तिरप्या वाटेवर गाडी कलंडायला मदतच होते. पेट्रोलचा कॅन माणसांबरोबर आत नको. घोटीला टाकी भरून घ्यावी, खालच्या गिअरमध्ये तेल जास्त जाते हे धरून. थंडी वाजली म्हणून पेटती शेगडी तंबूत घेऊ नये, आणि इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपू नये. त्या वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

ओढा ओलांडण्यापूर्वी एकाने काठी घेऊन पायी जाऊन यावे. जिथून माणूस चालत जाऊ शकत नाही तिथून गाडी जाऊ नये. वाहते पाणी फूटभर असले तरी लहान गाडी सरकू लागते, दोन फूट असेल तर बहुतेक गाड्या वाहून जातात. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा चावी फिरवू नका. आणि ओढ्यात गाडी नाचवण्याचा खेळ नको. खाली त्याच पाण्यावर वस्तीचे हंडे भरतात. आपल्या माणसांना हे निराळे सांगायला नको.

हा सारा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. तेव्हा रानात, कातळावर, माळावर गाडी घालण्याचा बेत पोरांनी सोडावा. गावांना जोडणाऱ्या कच्च्या वाटा पुरेशा कठीण आहेत. वनखात्याच्या नाक्यावर पावती घ्यावी, मुक्कामाची परवानगी विचारावी. भात अजून शेतात किंवा खळ्यावर असेल, बांधावर चाक जाऊ देऊ नये. मुक्काम गावातल्या घरी, पैसे देऊन करावा हे उत्तम. गटातल्या मुलींनाही ते सोयीचे पडते आणि ते पैसे गावात राहतात.

औषधांच्या डब्यात पट्ट्या, जंतुनाशक, उलटीच्या गोळ्या, मीठ-साखरेची पाकिटे, चिमटा आणि लांब बँडेज असावे. साप चावला तर आवळून बांधू नये, कापू नये, चोखू नये. चावलेला हात-पाय फळीला बांधून स्थिर ठेवावा, माणसाला चालवू नये आणि रुग्णालय गाठावे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांवर एकच लस चालते. ती राजूर, घोटी, इगतपुरी यांपैकी कुठे तयार आहे, हे निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करून विचारावे. लाल विंचू चावला तरी घरगुती उपाय नकोत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे साधे औषध त्यावर जीव वाचवते हे दाखवून दिले आहे, पण ते डॉक्टरनेच द्यायचे.

एक नियम आठही जणांनी निघण्यापूर्वीच मान्य करावा. गाडीतल्या कोणीही, मागच्या बाकावरच्या सर्वांत गप्प मुलीनेसुद्धा, "थांबवा, मला उतरायचे आहे" म्हटले की गाडी थांबलीच पाहिजे. त्यावर थट्टा नाही, वाद नाही.

आणि ताई, तुम्ही एक कागद मागून घ्या. त्यावर दोन्ही गाड्यांचे क्रमांक, आठही जणांची नावे, रक्तगट, घरचे फोन, मुक्कामाच्या घरमालकाचा फोन, जायची-यायची वाट आणि रविवारी डांबरी रस्त्याला लागण्याची वेळ असावी. डोंगराआड फोन लागेलच असे नाही. ती वेळ टळून दोन तास झाले आणि फोन आला नाही, तर आधी मुक्कामाच्या घरी आणि मग ११२ वर फोन करायचा, हे मुलासमोरच ठरवून ठेवा.