ओझरचं सुखोई : विमान एक, कामं अनेक

मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई दलातून निवृत्त झालं, तेव्हा आपल्या सगळ्यांच्या स्टेटसवर त्याचे फोटो होते. पण त्यानंतर उरल्या फक्त २९ स्क्वाड्रन. मंजूर संख्या आहे ४२. हा फरक सध्या कोण सांभाळतंय? मुख्यतः सुखोई-३० एमकेआय. आणि हे विमान तयार होतं आपल्याच महाराष्ट्रात, नाशिकजवळच्या ओझरला.

ओझरचा कारखाना सुरू झाला १९६४ मध्ये, मिग-२१ बनवण्यासाठी. तेव्हा संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण, आणि ते नाशिकचेच खासदार होते. पुढे तिथे मिग-२७ही बनलं. २००० मध्ये रशियाशी करार झाला आणि १४० सुखोई भारतात बांधायचं ठरलं. नंतर आकडा वाढत गेला. आज हवाई दलाकडे अडीचशेपेक्षा जास्त सुखोई आहेत.

याला 'मल्टिरोल' म्हणतात, म्हणजे नेमकं काय? पूर्वी शत्रूचं विमान पाडायला एक विमान आणि जमिनीवर बॉम्ब टाकायला दुसरं, अशी विभागणी असायची. सुखोई दोन्ही करतं. दोन वैमानिक, दोन इंजिनं, शस्त्रं लावायला १२ जागा आणि एका दमात सुमारे तीन हजार किलोमीटरचा पल्ला. त्यात अडीच टनांचं ब्रह्मोस बसवायचं म्हणजे विमानाचा सांगाडाच मजबूत करावा लागतो. ते कामही ओझरला झालं. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुखोईवरून ब्रह्मोस सोडून बंगालच्या उपसागरातलं लक्ष्य भेदलं गेलं. तेव्हापासून हे विमान समुद्रातल्या जहाजांसाठीही धोका ठरलं.

पण याची दुसरी बाजूही बघायला हवी. एक विमान चार कामं करतं, पण एका वेळी एकाच ठिकाणी असतं. पश्चिम आणि उत्तर अशा दोन्ही सीमा सांभाळायच्या तर संख्या लागतेच. म्हणूनच डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १२ सुखोईंचा सुमारे साडेतेरा हजार कोटींचा करार झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओझरच्या नव्या लाइनवरचं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. तिथून वर्षाला आठ तेजस बाहेर पडावीत असं ठरलंय.

खरी अडचण आहे इंजिनाची. सुखोईचं इंजिन ओडिशातल्या कोरापुटला बनतं, पण डिझाइन रशियाचं. तेजसचं इंजिन तर थेट अमेरिकेहून येतं, आणि ते वेळेवर न आल्यामुळे तेजसची डिलिव्हरी रखडली. सांगाडा आपला, सॉफ्टवेअर आपलं, पण इंजिनासाठी वाट बघायची दुसऱ्याची! परवान्यावर विमान बांधणं हे मोठं कौशल्य आहेच. पण इंजिनही स्वतः डिझाइन करून विमानात वापरणं ही पुढची पायरी, आणि ती अजून चढायची आहे.

देगलूर, मुखेड, उदगीरकडच्या पोरांना हे सगळं लांबचं वाटू शकतं. तसं ते नाही. ओझरला फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन अशा ट्रेडचे आयटीआयवाले शिकाऊ उमेदवार म्हणून घेतले जातात. आणि इंजिनाचा प्रश्न सुटणार आहे तो धातुशास्त्र, मेकॅनिकल, भौतिकशास्त्र शिकणाऱ्यांकडूनच. म्हणून पुढच्या वेळी 'भारतीय बनावटीचं विमान' अशी बातमी वाचली, की टाळ्या जरूर वाजवा. फक्त सोबत एवढं विचारा : इंजिन कुणाचं?