पाटीवरचे आडनाव आणि फिर्यादीतील जात

२०२५ साल उजाडले आणि बीड जिल्ह्याच्या पोलीस दलात एक नवा आदेश निघाला. पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी सांगितले की, पोलिसांनी एकमेकांना आडनावाने नव्हे, पहिल्या नावाने हाक मारावी. मार्चमध्ये नावाच्या पाट्याही बदलल्या. आडनाव गेले, नुसते नाव राहिले. वर्तमानपत्रांनी कौतुक केले आणि कौतुक करण्यासारखीच ती गोष्ट होती. आडनाव वाचून जात ताडायची आणि समोरच्याला खुर्ची द्यायची की उभे ठेवायचे हे ठरवायचे, ही आपल्याकडची फार जुनी खोड आहे.

त्याच सुमारास कोर्टाच्या आवारातील टपरीवर चहा घेताना आमचे एक ज्येष्ठ वकील म्हणाले, "साहेबांचं आडनाव गेलं ते बरंच झालं. आता आपल्या माणसाच्या फिर्यादीत जात येती का तेवढं बघा." सगळे हसले. मला हसू आले नाही. सकाळीच एक शेतमजूर बाई फिर्यादीची प्रत घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. गायरानातल्या तुकड्यावरून भांडण झाले, मारहाण झाली, चारचौघांत जातीवरून नको ते बोलले गेले. फिर्यादीत मात्र एवढेच होते की, शिवीगाळ करून मारहाण केली. मी विचारले, "मावशी, जातीवरून बोलले ते सांगितलं नव्हतं का?" त्या म्हणाल्या, "सगळं सांगितलं की वकीलसाहेब. ते लिहीत होते. लिहून झाल्यावर मी अंगठा दिला."

मुळात प्रश्न इथेच आहे. जात पाटीवरून पुसायला आपली व्यवस्था आता तयार आहे, कारण त्याला काही खर्च येत नाही. पण जिथे जात लिहिणे हेच न्यायाचे पहिले पाऊल असते, तिथे मात्र लेखणी अडखळते.

हा आदेश कशातून आला ते आठवून पाहा. केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून निर्घृण खून झाला. महाराष्ट्र हादरला. वाल्मिक कराड हे नाव घरोघरी गेले, मकोका लागला, ४ मार्च २०२५ रोजी धनंजय मुंडे यांना मंत्रिपदाचा राजीनामा द्यावा लागला. जिल्ह्यातील पोलीस दलात कोणत्या जातीचे किती अधिकारी, याच्या याद्या फिरू लागल्या. गावागावांत मराठा आणि वंजारी समाज एकमेकांकडे संशयाने पाहू लागला. आडनाव काढण्याचा आदेश आला तो या वातावरणात.

परंतु मस्साजोगची गोष्ट ९ डिसेंबरला सुरू होत नाही. ती तीन दिवस आधी, ६ डिसेंबरला सुरू होते. आपले लाखो लोक चैत्यभूमीवर रांगेत उभे होते, त्याच दिवशी मस्साजोगजवळ पवनऊर्जा कंपनीच्या आवारात एका दलित सुरक्षारक्षकाला मारहाण झाली. तो रक्षक आपली नोकरी करीत होता. सरपंच देशमुख त्याच्या बाजूने मध्ये पडले. त्या वादाची आणि खंडणीच्या मागणीची परिणती पुढे त्यांच्या खुनात झाली, असे तपासातून पुढे आले. गुन्हेही तीन आहेत : खंडणी, रक्षकावरील हल्ला आणि खून. ॲट्रॉसिटीची कलमे ६ तारखेलाच का लागली नाहीत, हा प्रश्न खून झाल्यावर विचारला गेला. ६ तारखेला कोणी विचारला नाही.

आणि आता ती गोष्ट कशी सांगितली जाते? मोर्चे निघाले, चर्चासत्रे झाली, दोन मोठ्या समाजांची बाजू दोन्हीकडून मांडली गेली. पहिल्या पानावरचा दलित माणूस मात्र त्या गोष्टीतून गळून गेला. एक मराठा सरपंच एका दलित पहारेकऱ्यासाठी उभा राहिला आणि त्यात जिवाला मुकला. बीडच्या सामाजिक इतिहासात ही केवढी मोठी गोष्ट आहे! देशमुखांचा खरा मोठेपणा त्यातच आहे. पण हे सांगायचे तर पहारेकऱ्याची जात सांगावी लागते, आणि ती सांगणे ना या बाजूच्या राजकारणाला सोयीचे, ना त्या बाजूच्या.

काही बांधव विचारतील की, वकीलसाहेब, बाबासाहेबांनी जातिनिर्मूलन सांगितले, मग तुम्ही जात लिहा जात लिहा म्हणून का मागे लागलात? उत्तर कायद्यात आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम ३(१)(एस) म्हणते की, लोकांना दिसेल अशा जागी जातीच्या नावाने शिवीगाळ केली तर तो गुन्हा. आता फिर्यादीत काय बोलले ते शब्दच नसतील, कुठे बोलले, कोणी ऐकले हे नसेल, तर उच्च न्यायालयात फिर्याद रद्द करण्याचा अर्ज आला की आमचे हात बांधलेले असतात. २०२० च्या हितेश वर्मा निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, चार भिंतींच्या आत, बाहेरचा साक्षीदार नसताना बोललेले या कलमात बसत नाही. म्हणजे ठाणे अंमलदाराने जी एक ओळ गाळली, तिच्यावर सारा खटला उभा असतो. २०१५ च्या दुरुस्तीने कलम ४ मध्ये हेही घातले की, तोंडी दिलेली माहिती लिहून घेतल्यावर सही घेण्याआधी ती वाचून दाखवायची. हे कर्तव्य जाणीवपूर्वक टाळणाऱ्या लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे. त्या मावशींना कोणी वाचून दाखवले होते?

आम्हा बौद्धांची अडचण तर आणखी वेगळी. फिर्यादीच्या रकान्यात आपला तरुण अभिमानाने सांगतो, "जात नाही, बौद्ध." बरोबरच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण ते जुने नाव नागपुरात सोडून आलो. पण उलटतपासणीत आरोपीचा वकील विचारतो, "अनुसूचित जातींच्या यादीत बौद्ध नावाची जात आहे काय?" मग आम्हाला १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश आणि त्यात बौद्धांचा समावेश करणारी १९९० ची दुरुस्ती समजावून सांगावी लागते, आणि ज्या जातीतून धम्मात आलो तिचा दाखला काढून दाखवावा लागतो. जे नाव बापजाद्यांनी टाकून दिले तेच संरक्षणासाठी पुन्हा अंगावर घ्यायचे. शिवी देणाऱ्याला मात्र दाखला लागत नाही. त्याला आपले जुने नाव तोंडपाठ असते.

पडद्यावरही तेच चालले आहे. 'फुले' हा अनंत महादेवन यांचा सिनेमा ११ एप्रिल २०२५ ला, जोतीरावांच्या जयंतीला येणार होता. काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतला, सेन्सॉर मंडळाने बदल सुचवले आणि तो २५ एप्रिलला आला. काढायला सांगितलेल्या शब्दांत महार, मांग, पेशवाई हे शब्द होते. आता गंमत पाहा. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये फुल्यांच्या शाळेतील मुक्ता या मातंग मुलीचा निबंध छापून आला. त्याचा विषयच मांग-महारांचे दुःख हा होता. म्हणजे १८५५ साली इंग्रजी अमलात एका शाळकरी मुलीला जे शब्द छापता आले, ते २०२५ साली सिनेमात ऐकवायचे तर मंडळाची परवानगी नाही! त्याच वर्षी 'चल हल्ला बोल' या चित्रपटातील नामदेव ढसाळांच्या कवितांवरही मंडळाने हरकत घेतली, आणि ढसाळ कोण, असा प्रश्न केल्याच्या बातम्या आल्या. पँथरच्या महाराष्ट्रात हा प्रश्न विचारला जातो, यावर काय बोलावे?

'सैराट' २०१६ मध्ये आला तेव्हा आमच्या भागातली पोरे गाण्यांवर बेभान नाचली. जयंतीच्या मिरवणुकीत, लग्नाच्या वरातीत सगळीकडे तेच. नाचताना आर्ची आणि परशा ही दोन पहिली नावे तेवढी ओठांवर होती. पण त्या सिनेमाचा शेवट पहिल्या नावांमुळे झाला नाही. तो पाटील आणि काळे या दोन आडनावांमुळे झाला. नागराज मंजुळे यांनी ती आडनावे ठेवली म्हणून तर सिनेमा कळला.

पुसणे सगळीकडेच वाईट, असे माझे म्हणणे नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातील नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढायला लावला, कारण त्या रकान्यावरून झाडू कोणाच्या हातात द्यायचा हे ठरत होते. तो निकाल स्वागतार्ह आहे. राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला, तोही चांगलाच. फक्त पाटी लावून परत जाताना तिथल्या नाल्या आणि रस्ताही पाहून जावे. केंद्राने ३० एप्रिल २०२५ ला जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय घेतला. सर्व जातींची अशी मोजणी १९३१ नंतर झाली नव्हती. म्हणजे सिनेमात उच्चारायची नाही ती जात गणनेच्या तक्त्यात लिहायची, कारण तिथे ती मतांच्या हिशेबाला लागते.

आणि पाटीवर आडनाव नसले म्हणजे लाठी जात विसरते का? बीडच्या शेजारी परभणीत १० डिसेंबर २०२४ ला बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदनंतर पोलीस आपल्या वस्त्यांत शिरले. कायद्याचा विद्यार्थी असलेला सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. तो वडार समाजातला, संविधानासाठी रस्त्यावर उतरला होता. मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत मारहाण नाकारली. शवविच्छेदन अहवालात मात्र अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण लिहिलेले होते. त्याच्या आईच्या वतीने ॲड. प्रकाश आंबेडकर उभे राहिले, ४ जुलै २०२५ ला औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला, त्याविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३० जुलैला तिथे हरले. एक फिर्याद लिहून घ्यायला साडेसात महिने आणि दोन न्यायालये लागली. मावशींच्या मागे कोणते वकील, कोणते न्यायालय?

म्हणून कार्यकर्त्यांना एक काम सांगतो. पीडित माणसाबरोबर ठाण्यात जाताना एक लिहिता येणारा सोबत न्या. बोललेले शब्द जसेच्या तसे, जागा, वेळ आणि ऐकणाऱ्यांची नावे फिर्यादीत आली का ते वाचून घ्या, मगच सही किंवा अंगठा. ठाण्यात घेत नसतील तर १९९५ च्या नियमांतील नियम ५ प्रमाणे तीच माहिती लेखी करून टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि पावती जपून ठेवा.

मावशींचा अर्ज आम्ही तसाच पाठवला. ते शब्द सांगताना त्या दोनदा थांबल्या. "तोंडातून काढायला लाज वाटती," म्हणाल्या. माझ्या टेबलावर शिकाऊ वकील पोरगी लिहायला बसली होती. तिने पेन खाली ठेवले, त्यांना पाणी दिले आणि म्हणाली, "मावशी, लाज त्यांना वाटू द्या. तुम्ही सांगा, मी लिहिते." पुरवणी जबाबासाठी बोलावणे आले ते एकवीस दिवसांनी.