सर्वच जंतू शत्रू नव्हेत

जुनें तितकें टाकावें, हा न्याय माशांच्या काचपेटीस लागू नाहीं, असें आमचें मत आहे. माशांच्या मलमूत्रांतून विषारी अमोनिया उपजतो. जुन्या फिल्टरच्या स्पंजांत वसणारे सूक्ष्मजंतू त्याचें आधीं नायट्राइट व मग बरेंच निरुपद्रवी नायट्रेट करितात. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनीं १८९० सालीं असे जंतू प्रथम वेगळे केले. म्हणून नवा फिल्टर बसवितांना जुना चार ते सहा आठवडे त्याच्या जोडीस चालू ठेवावा. स्पंज पेटींतून काढलेल्या पाण्यांतच हलकेच पिळावा. सोलापुरांत नळास येणाऱ्या उजनीच्या पाण्यांतील क्लोरीन या जंतूंचा घात करितो. नव्या भांड्यांत दहीं लावितांनाही जुनें विरजण लागतेंच ना? लखलखीतपणाच्या हौसेपायीं देवाच्या मुक्या लेकरांचे प्राण जाऊं नयेत, एवढीच विद्यार्थ्यांस व पालकांस आमची विनंति.