यंत्र एकाचे, निर्णय दुसऱ्याचा

बिटकॉइनचे मायनिंग, म्हणजे संगणकशक्ती लावून व्यवहार नोंदवण्याचे आणि त्याबद्दल नाणी कमावण्याचे काम, मोजक्या हातांत एकवटले तरी घाबरण्याचे कारण नाही, असे त्याचे समर्थक सांगतात. यंत्रांवर अफाट पैसा ओतलेला माणूस स्वतःच्याच नाण्याची किंमत कशाला पाडील? बिटकॉइनचा जनक सातोशी नाकामोतो याच्या २००८ च्या निबंधातही हाच विचार आहे: बहुसंख्य संगणकशक्ती हाती आलेल्या लोभी माणसालाही नियम पाळण्यातच अधिक लाभ दिसेल.

या युक्तिवादाने एक गोष्ट गृहीत धरली आहे. ज्याची यंत्रे, त्याचाच निर्णय. आज तसे उरलेले नाही, आणि हे नफ्याच्या गणितानेच घडवले आहे.

ब्लॉक, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहारांचा गठ्ठा, सरासरी दहा मिनिटांनी एक निघतो. एकूण शक्तीचा लाखावा हिस्सा असलेल्या मायनरला एकट्याने एक ब्लॉक मिळायला सरासरी ६९४ दिवस लागतील. विजेचे बिल मात्र दर महिन्याला येते. म्हणून तो पूलमध्ये, म्हणजे शक्ती एकत्र करून कमाई वाटून घेणाऱ्या गटात, शिरतो आणि रोज थोडी थोडी कमाई घेतो. पूल जितका मोठा तितकी कमाई नियमित, म्हणून गर्दीही मोठ्या पूलकडेच. बदल्यात कोणते व्यवहार ब्लॉकमध्ये घ्यायचे हे पूलचालक ठरवतो. यंत्रे सभासदांची, वीज सभासदांची, निर्णय त्याचा. ज्याचे भांडवल पणाला लागल्याची ग्वाही दिली जाते, तो निर्णय घेतच नाही.

शिवाय नियम पाळण्यातच लाभ असतो, हेही सरसकट खरे नाही. कॉर्नेल विद्यापीठातील इत्ताय एयाल आणि एमिन ग्युन सिरर यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले, की एक तृतीयांशाहून अधिक शक्ती असलेला गट सापडलेले ब्लॉक काही काळ दडवून आपल्या वाट्याहून जास्त कमावू शकतो. त्यासाठी निम्मी शक्तीही लागत नाही.

यावर उत्तर येते, की पूल बिघडला तर मायनर तो सोडतील. जून २०१४ मध्ये जीहॅश पूलची शक्ती एकूण शक्तीच्या निम्म्यापर्यंत पोहोचली, तेव्हा काही जणांनी तो सोडलाही. पण पुढे भिस्त राहिली ती ४० टक्क्यांच्या आत राहू, या पूलने दिलेल्या शब्दावर. कोणाच्याही शब्दावर विसंबावे लागू नये म्हणून जी व्यवस्था जन्मली, तिच्यासाठी ही नामुष्कीच होती.

सामान्य वापरकर्त्यांचे नोड, म्हणजे ब्लॉक तपासणारे संगणक, खोटा ब्लॉक नाकारतात, २.१ कोटी नाण्यांची मर्यादा राखतात, हे मला पूर्ण मान्य आहे. परंतु एखाद्याचा वैध व्यवहार पूल वगळत राहिले, तर नोड तो ब्लॉकमध्ये घालू शकत नाहीत.

म्हणून उपाय नेमका याच जागी हवा. पूलची दोन कामे वेगळी करता येतात: कमाई वाटणे आणि ब्लॉक रचणे. पहिले काम पूलकडे राहू द्यावे. दुसरे मायनरने परत घ्यावे. २०११ मधल्या पीटूपूल या पूलने हे शक्य असल्याचे दाखवले, आणि स्ट्रॅटम व्ही२ या प्रणालीत मायनरला स्वतः ब्लॉक रचण्याची सोय आहे. ती वापरायला थोडी जास्त खटपट पडते, पण ती मायनरने करायलाच हवी. नफ्याच्या ओढीने सत्ता आपोआप विखुरत नाही. ती विखुरलेली राहील अशी रचना जाणीवपूर्वक करावी लागते.