फायदा पेढीचा, तोटा मुकादमाचा : रानिएरींच्या हकालपट्टीचा हिशेब

फुटबॉलच्या प्रशिक्षकाचा विषय व्यापाराच्या पानावर कशासाठी, असे काही वाचक विचारतील. माझा या खेळाशी संबंध एवढाच की घरातली मुले रात्री-बेरात्री इंग्लंडचे सामने लावून बसतात व त्या गलक्यात मला झोप लागत नाही. परंतु क्लॉडिओ रानिएरी या इटालियन गृहस्थांची हकीकत जसजशी कळत गेली, तसतसे ध्यानात आले की हा मामला मैदानाचा कमी आणि पेढीचा अधिक आहे. मे 2025 मध्ये, वयाच्या 73 व्या वर्षी, रोमा संघाचे प्रशिक्षकपद त्यांनी सन्मानाने सोडले. मला मात्र त्या दिवशी रोम नव्हे, लेस्टर आठवले.

लेस्टर हे इंग्लंडातले गाव आपल्या धंद्यातल्या जुन्या मंडळींना होजिअरीसाठी ठाऊक आहे. मोजे, बनियन, विणलेला माल यांवर ते शहर पोसले. 1972 मध्ये इदी अमीनने युगांडातून हाकललेले पुष्कळ गुजराती, हिंदू आणि मुसलमान दोन्ही, तेथेच जाऊन वसले. तुम्ही इकडे येऊ नका, अशी जाहिरात त्या शहराच्या नगरपालिकेने युगांडाच्या वर्तमानपत्रात दिली होती, तरीही ते गेले आणि त्यांनी दुकाने थाटली. त्या शहराच्या संघाचा मालक 2010 पासून थायलंडचा एक व्यापारी, विचाई श्रीवद्धनप्रभा. विमानतळावरील करमुक्त दुकानांवर त्याने दौलत कमावली होती.

2015 च्या उन्हाळ्यात रानिएरी लेस्टरला आले ते अपयशाचा शिक्का घेऊन. ग्रीसच्या राष्ट्रीय संघाने त्यांना 2014 मध्ये चार सामन्यांतच काढले होते; फेरो बेटांसारख्या चिमुकल्या देशाकडून घरच्या मैदानावर हार झाली होती. लेस्टर संघ तरी कोणता मोठा? आदल्या हंगामात तो खालच्या लीगमध्ये घसरता घसरता वाचला होता. हंगामाच्या सुरुवातीला लेस्टर विजेता होण्याचा भाव सट्टेबाजांनी एकास पाच हजार लावला. सट्टा आपल्याला हराम आहे, त्याची तारीफ करण्याचा प्रश्नच नाही. पण भाव म्हणजे बाजाराने केलेली किंमत, आणि बाजाराने त्या संघाची किंमत शून्य केली होती. मे 2016 मध्ये तोच संघ इंग्लंडचा विजेता झाला, दुसऱ्या क्रमांकाच्या आर्सेनलपेक्षा दहा गुण पुढे.

हे कसे झाले, यात कारखानदाराने पाहण्यासारखे बरेच आहे. रानिएरींनी येताच मोडतोड केली नाही. आधीचे प्रशिक्षक नायजेल पिअरसन यांना काढले होते, परंतु संघ त्यांनी बांधलेला होता व त्यांची माणसे जागेवर होती. नव्या मुकादमाला पहिल्याच आठवड्यात सगळ्या मागांची जागा बदलण्याची जी खुमखुमी असते, ती या माणसाने आवरली. एका सामन्यात गोल खाल्ला नाही तर पिझ्झा खाऊ घालीन, असे त्यांनी खेळाडूंना सांगितले. पहिले नऊ सामने दरवेळी गोल खाल्ला गेला. दहाव्यात, ऑक्टोबर 2015 मध्ये, क्रिस्टल पॅलेसविरुद्ध संघ कोरा राहिला. तेव्हा ते सर्वांना हॉटेलात घेऊन गेले आणि म्हणाले, पीठ मळा, स्वतः लाटा आणि मग खा. उस्तादाची ही रीत आपल्या कारागिरांना समजावून सांगायला नको.

दुसरी गोष्ट खरेदीची. माल ओळखणारा एक माणूस संघात होता, स्टीव्ह वॉल्श. जेमी वार्डी पूर्वी कारखान्यात काम करून खालच्या दर्जाच्या संघांत खेळत असे. तो सुमारे 10 लाख पौंडांत आला. अल्जीरियन वंशाचा रियाद महरेझ फ्रान्सच्या दुय्यम लीगमधून जेमतेम चार-साडेचार लाखांत मिळाला. एन्गोलो कांते हा सरळ, लाजरा मुसलमान मुलगा सुमारे 56 लाखांत. बड्या संघांत एकेका पायाची किंमत याहून अधिक असते. आडत्याला गठ्ठा न उघडता सुताचा काउंट कळावा तसे वॉल्शला खेळाडू कळत.

विजयानंतरच्या उन्हाळ्यात काय झाले ते नीट पाहावे. कांते चेल्सीला गेला, सुमारे 3 कोटी 20 लाख पौंडांना. पेढीला एका वर्षात पाचपट-सहापट. वॉल्श एव्हर्टन संघाकडे गेला. आलेल्या पैशातून इस्लाम स्लिमानी हा खेळाडू 2 कोटी 80 लाखांच्या आसपास घेतला, लेस्टरची तोवरची सर्वांत महाग खरेदी, आणि ती अंगी लागली नाही. चांगला माग विकला, माग पारखणारा गेला, त्या पैशात महाग मशीन आणले आणि ते आपल्या सुताला मानवले नाही. मालकाने खेळाडूंना बीएमडब्ल्यू मोटारी वाटल्या. रानिएरींशी ऑगस्ट 2016 मध्ये नवा चार वर्षांचा करार केला. जानेवारी 2017 मध्ये फिफाने त्यांना जगातला उत्तम प्रशिक्षक म्हणून गौरविले.

तोपर्यंत संघ घसरणीला लागला होता. 2017 उजाडल्यापासून लीगमध्ये एकही गोल नाही, लागोपाठ पाच हार. 7 फेब्रुवारीला संघाने जाहीर पत्रक काढले की आमचा रानिएरींना अढळ पाठिंबा आहे. 23 फेब्रुवारीला त्यांना काढले. सोळा दिवस! आपल्या बाजारात हुंडी तरी याहून अधिक दिवस चालते.

चाहत्यांत दोन तट पडले. पुष्कळांनी याला नमकहरामी म्हटले. चार दिवसांनी लिव्हरपूलविरुद्ध सामना होता. रानिएरींचे वय 65, म्हणून पासष्टाव्या मिनिटाला हजारो लोकांनी मोबाईलचे दिवे पेटवून धरले. दुसरा तट म्हणाला, आम्हालाही दुःख आहे, पण संघ गुणतक्त्यात घसरणीच्या पट्ट्यापेक्षा एकच गुण वर होता. खाली गेला असता तर उत्पन्न बुडून शेकडो लोकांच्या रोजीवर गदा आली असती. भावनेवर पेढी चालत नाही. त्या रात्री लेस्टर 3-1 ने जिंकले. हंगामी प्रशिक्षक क्रेग शेक्सपिअर यांनी ओळीने पाच लीग सामने जिंकून दाखविले व संघ बाराव्या स्थानी राहिला. दुसऱ्या तटाचे म्हणणे खरे ठरले असे वाटते ना? त्याच शेक्सपिअरना ऑक्टोबर 2017 मध्ये, कायम नेमणुकीला चार-पाच महिने होताच, काढण्यात आले.

मी स्वतः दुसऱ्या तटाची बाजू हलकी मानत नाही. ज्याने महिनाअखेर पगार वाटला आहे त्याला ती समजते. रानिएरींचीही चूक होती. पहिल्या वर्षी ज्या गोष्टींना हात लावला नाही त्यांची दुसऱ्या वर्षी ते उलथापालथ करीत राहिले. विचाई हे दिलदार मालक होते. लेस्टरच्या इस्पितळाला त्यांनी 20 लाख पौंड दिले, आणि ऑक्टोबर 2018 मध्ये स्टेडियमबाहेर हेलिकॉप्टर कोसळून ते गेले तेव्हा सारे शहर रडले. माझी तक्रार हिशेबाची आहे. कांते विकल्याचा नफा पेढीच्या खात्यात जमा झाला आणि कांते नसल्याचा तोटा प्रशिक्षकाच्या नावे मांडला गेला. कोणी म्हणेल की कांतेला स्वतःच जायचे होते. कबूल. पण मग त्याच्याशिवाय संघ किती खाली येईल हे मालकानेही आधीच धरायला हवे होते. त्याच कांतेला घेऊन चेल्सी 2017 मध्ये विजेता झाला. एका नोंदीच्या दोन बाजू दोन माणसांच्या नावे लिहिणारा मुनीम आपण एक दिवस ठेवणार नाही.

पासष्टीचा काढलेला माणूस आता संपला, असे तेव्हा बोलले गेले. पुढे फुलहॅमने त्यांना साडेतीन महिन्यांत काढले, वॉटफर्डने जवळपास तेवढ्याच काळात. हे लपविण्याचे कारण नाही. परंतु नांत संघाला त्यांनी फ्रान्समध्ये नववे स्थान दिले. कालियारी, ज्या संघाला त्यांनी तरुणपणी तिसऱ्या दर्जातून वर आणले होते, तो 2023 मध्ये पुन्हा पहिल्या दर्जात चढविला. नोव्हेंबर 2024 मध्ये रोमाने हाक मारली तेव्हा संघ बाराव्या स्थानी होता, मे मध्ये पाचवा. नोव्हेंबर 2021 मध्ये वॉटफर्ड घेऊन ते लेस्टरला आले होते. बर्फ पडत होते, 4-2 ने ते हरले, पण ज्यांच्या संघाने त्यांना काढले त्याच प्रेक्षकांनी टाळ्या वाजवून त्यांचे स्वागत केले.

हे सारे लिहिताना एक कबुली द्यावी लागते, नाहीतर लेख खोटा ठरेल. रानिएरींना काढले त्याच महिन्यात मीही एका माणसाला काढले. नोव्हेंबर 2016 च्या नोटाबंदीने भिवंडीत काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. पगाराला रोकड नाही, ग्रे कापडाला गिऱ्हाईक नाही, कामगार गाड्या पकडून मुलुखाला निघून गेले. माझ्याकडे वडिलांच्या वेळेपासूनचे एक मुकादम होते, बावीस वर्षे. आम्ही सर्व त्यांना चाचा म्हणत असू. जानेवारीत मीच सर्वांसमोर म्हणालो होतो की काहीही झाले तरी चाचा राहतील. फेब्रुवारीत, माग निम्मे बंद असताना, कापडात डाग येतात, वायदा चुकतो, असा दोष त्यांच्यावर ठेवला आणि "काही दिवस घरी बसा" म्हटले. त्या वर्षी मी सूत हलके घेतले होते. डाग त्या सुताचा होता आणि ते मला तेव्हाही माहीत होते.

त्या महिन्याचा पगार दिला आणि मन समजावले. 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्याने सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार ठरवून दिला होता. बावीस वर्षांचे ते 330 दिवस होतात, सव्वीस दिवसांचा महिना धरला तर साडेबारा महिन्यांहून जास्त. आमच्याकडे दहा कामगार भरतात की नऊ, यावर मी वकिलाशी बराच वेळ घातला. अल्लाहपुढे हा वकील उभा राहणार नाही, हे घरच्यांनी सुनावले तेव्हा शरम वाटली. चाचा पुढे दुसऱ्या एका कारखान्यात लागले आणि तो त्यांनी नीट चालविला. जुम्याला भेटत, सलाम करीत, मागांची खुशाली विचारीत. मी नजर चुकवीत असे.

पैसे मी दिले, पण उशिरा, रानिएरी निवृत्त झाल्याच्या बातमीनंतर. त्यांच्या घरी गेलो, हिशेबाचा कागद पुढे ठेवला आणि सूत हलके होते हेही सांगितले. त्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. मग पेन मागितले आणि खाली एक ओळ वाढविली : ऑक्टोबर 2016 ची उचल, तीन हजार, वजा. माझ्या वहीत ती उचल लिहिलेलीच नव्हती.